जुन्या लॅपटॉपचा घरगुती सर्व्हर: कोणती ऑपरेटिंग सिस्टीम निवडाल?

मोबाईलमधले फोटो वाढत जातात आणि गुगलची १५ जीबीची मोफत जागा भरते. मग पैसे भरा किंवा फोटो पुसा, असे दोनच मार्ग दिसतात. तिसरा मार्ग कपाटात पडलेला असतो: जुना लॅपटॉप. विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि विंडोज ११ ला किमान ४ जीबी रॅम व टीपीएम २.० लागते. त्यात न बसणारा लॅपटॉप लिनक्सवर घरचा सर्व्हर म्हणून चालू शकतो. तिथे फोटो आणि सातबारा, दाखल्यांचे स्कॅन ठेवता येतात.

आधी काय पाहायचे?

रॅम किती आणि प्रोसेसर ६४-बिट आहे का, एवढेच. डेबियन १३ पासून ३२-बिट संगणकांसाठी इन्स्टॉलर मिळत नाही.

पर्याय कोणते?

- ट्रूनास: किमान ८ जीबी रॅम लागते. जुन्या लॅपटॉपसाठी बाद.
- उबंटू सर्व्हर: मदत भरपूर मिळते. एलटीएस आवृत्तीला पाच वर्षे अपडेट. ४ जीबी रॅम असेल तर चांगला.
- डेबियन १३: ऑगस्ट २०२५ मध्ये आले. डेस्कटॉपशिवाय ५१२ एमबी रॅमवरही चालते. एक-दोन जीबी रॅम असेल तर हेच घ्यावे.
- ओपनमीडियाव्हॉल्ट: डेबियनवरच बेतलेले. ब्राउझरमधून चालवता येते, त्यामुळे कमांडची धास्ती असणाऱ्यांना सोपे.

डेबियन टाकताना डेस्कटॉपची खूण काढावी आणि एसएसएच सर्व्हरची ठेवावी. रॅम वाचते ती इथेच. मात्र इन्स्टॉल करताना डिस्क पुसली जाते. जुन्या फाइल आधी दुसरीकडे काढून ठेवाव्यात.

वीज आणि इंटरनेट गेले तर?

चांदवडसारख्या तालुक्याच्या गावी हा प्रश्न आधी विचारला जातो. लॅपटॉपची बॅटरी शाबूत असेल तर तीच छोटा यूपीएस ठरते. फुगलेली असेल तर आधी काढावी. डेबियनची नेहमीची एक्स्ट४ फाइल सिस्टीम बदलांची नोंद ठेवते, त्यामुळे अचानक बंद पडल्यावर सावरणे सोपे जाते. इंटरनेट नसले तरी घरच्या राउटरवरून फाइल पाठवता येतात.

एक गोष्ट विसरू नये

सर्व्हर म्हणजे बॅकअप नव्हे. जुनी हार्ड डिस्क कधीही दगा देऊ शकते. फोटोंची आणखी एक प्रत वेगळ्या डिस्कवर असेल, तरच मोबाईलमधले मूळ फोटो पुसावेत.