रक्तांतील पौरुष-संप्रेरकाचें माप



परभणी जिल्ह्यांतील शेतकऱ्याला एक गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. लाल कंधारी गोऱ्हा खच्ची केला, कीं त्याची मस्ती ओसरते व तो औताला शांतपणें चालूं लागतो. असें कां व्हावें, याचा उलगडा जर्मनींतील बेर्टोल्ड या शास्त्रज्ञानें १८४९ सालीं केला. खच्ची केलेल्या कोंबड्याच्या पोटांत त्यानें वृषण पुन्हां बसविला, तेव्हां कोंबडा पूर्ववत् आरवूं लागला. अर्थात् वृषणांतून कांहीं द्रव्य रक्तांत मिसळत असलें पाहिजे. १९३५ सालीं तें द्रव्य शुद्ध स्वरूपांत हातीं आलें. त्याचें नांव टेस्टोस्टेरॉन. अँड्रोजेन नांवाच्या संप्रेरकांत हें प्रमुख होय. स्त्रियांच्या शरीरांतही तें अल्प प्रमाणांत असतें.

आज रक्त तपासून याचें माप मिळतें. प्रौढ पुरुषांत तें दर डेसिलिटरला साधारण ३०० ते १००० नॅनोग्रॅम, तर स्त्रियांत १५ ते ७० असतें. प्रयोगशाळेगणिक या मर्यादा थोड्या बदलतात. परंतु कागदावरील आंकडा म्हणजे निकाल नव्हे, ती केवळ एक साक्ष आहे.

ही साक्ष वेळेप्रमाणें बदलते. पहांटेनंतर माप अधिक असतें, सायंकाळीं उतरतें. आजारपण व जागरण यांनींही तें घटतें. म्हणून रक्त सकाळीं सात ते दहाच्या दरम्यान, उपाशीं पोटीं द्यावें. आंकडा कमी आल्यास दुसऱ्या एखाद्या सकाळीं पुन्हां तपासावें. शिवाय रक्तांतील बहुतेक टेस्टोस्टेरॉन प्रथिनांना जखडलेलें असतें; सुमारें दोन टक्केच मोकळें राहतें. स्थूल माणसांत हीं प्रथिनें कमी असल्यामुळें एकूण आंकडा उणा दिसूनही मोकळा अंश पुरेसा असूं शकतो.

येथेंच एक धोका आहे. सायंकाळच्या एका आंकड्यावरून घाबरून कोणी तरुण टेस्टोस्टेरॉनचीं इंजेक्शनें घेऊं लागतो. बाहेरून द्रव्य मिळतांच मेंदूच्या तळाशीं असलेली ग्रंथि वृषणाला आज्ञा देणें थांबविते आणि शुक्रजंतूंची निर्मिति मंदावते, अनेकदां बंदही पडते. पौरुषाच्या चिंतेपायीं घेतलेलें औषध अपत्याची आशाच दुरावतें!

स्त्रियांत आंकडा थोडा वाढून पाळी अनियमित होत असेल व चेहऱ्यावर केंस येत असतील, तर बहुधा बीजकोशांचा एक सामान्य विकार असतो. परंतु आवाज झपाट्यानें घोगरा होऊं लागला, तर गांठीची शंका घेऊन त्वरित डॉक्टरांकडे जावें.

ओडिशाची धावपटू द्युती चंद हिला २०१४ सालीं अशाच एका मापावरून स्पर्धांतून दूर ठेवण्यांत आलें. पुढील वर्षीं क्रीडा-लवादानें तो नियम पुराव्याअभावीं स्थगित केला, व २०१६ सालीं ती रिओच्या ऑलिंपिकमध्यें धांवली.

बाजारांत बैल घेतांना शेतकरी केवळ शिंगें पाहत नाहीं. दांत, खूर व चाल पाहूनच तो पैसे मोजतो. आंकडा वाचतांनाही लक्षणें, वय व दुसरी तपासणी पाहूनच डॉक्टरांच्या सल्ल्यानें निर्णय करावा.