चाहते टिकतात कशावर : आवडीवर की ओढीवर?

डोके दुखते, सकाळी उठवत नाही, वर्गात डुलक्या येतात. छत्रपती संभाजीनगरच्या दवाखान्यांत नववी-दहावीच्या मुलांच्या या तक्रारी आता नव्या राहिलेल्या नाहीत. चष्म्याचा नंबर तपासून होतो, हिमोग्लोबिन बघून होते, सगळे ठीक निघते. मग डॉक्टर विचारतात, ‘‘रात्री झोपतोस किती वाजता?’’ मुलगा वडिलांकडे बघतो. उत्तर आई देते, ‘‘दीड-दोन वाजेपर्यंत गेम चालू असतो हो याचा.’’

अशा वेळी चाळिशी ओलांडलेले वडील बहुधा एक वाक्य बोलतात, ‘‘डॉक्टर, व्हिडिओ गेम तर आम्हीही खेळलो. मारिओ, कॉन्ट्रा, सगळे. आम्हाला कुठे काय झाले?’’

प्रश्न रास्त आहे. वडील आजही मारिओची धून ऐकली की हसतात, म्हणजे तीस वर्षांनंतरही ते त्या खेळाचे चाहते आहेत. मुलगाही त्याच्या खेळाचा चाहता आहे. मग दोघांत फरक काय? गेम बनवणाऱ्या कंपन्यांनाही हाच प्रश्न पडतो, फक्त उलट्या बाजूने. चाहता वर्षानुवर्षे टिकवायचा कसा, हा त्यांच्या धंद्याचा गाभा आहे. त्याचे उत्तर बरेचसे मेंदूविज्ञानात सापडते.

कंपनीचे नाव ठाऊक नसलेले चाहते

नव्वदच्या दशकात औरंगाबादच्या मध्यमवर्गीय घरांत टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम आला, तो बहुतेक वेळा स्वस्तातली नक्कल असे. पिवळ्या किंवा काळ्या कॅसेटवर हजारो गेम असल्याचा दावा छापलेला, आत मात्र तेच दहा-वीस गेम पुन्हा पुन्हा. त्यातला मारिओ हा जपानच्या निन्टेंडो कंपनीचा. ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ १९८५ साली बाजारात आला. कंपनी त्याहून फार जुनी, १८८९ मध्ये क्योटो शहरात हाताने बनवलेले पत्ते विकण्यासाठी सुरू झालेली. नकली कॅसेटवर मारिओ खेळणाऱ्या मुलांकडून या कंपनीला एक रुपयाही मिळाला नाही आणि अनेकांना तिचे नावही ठाऊक नव्हते. तरी प्रेम जडले ते जडलेच.

त्या खेळण्याला कुंपणेही आपोआप होती. टीव्ही घरात एकच. बातम्यांची वेळ झाली की वडील वायर काढत. वीज गेली की खेळ संपला. कुठपर्यंत पोहोचलो हे यंत्राच्या लक्षात राहत नसे, दुसऱ्या दिवशी पहिल्यापासून सुरुवात. दोन रिमोट आणि चार भावंडे, त्यामुळे पाळीची वाट पाहावी लागे. खेळ संपला की मुले त्याविषयी गप्पा मारत, पण खेळ त्यांना हाका मारत नसे.

लहानपणीच्या या आठवणी इतक्या पक्क्या का राहतात? साधारण दहा ते तीस या वयातल्या आठवणी माणसाला उतारवयातही जास्त संख्येने आणि जास्त ठळकपणे आठवतात, हे स्मृतीच्या अभ्यासात अनेकदा दिसले आहे. त्या वयातले गाणे, मैत्री, खेळ हे ‘मी कोण’ याचा भाग बनतात. गतकाळाच्या हुरहुरीला ‘नॉस्टॅल्जिया’ हे नाव १६८८ मध्ये योहानेस होफर या स्विस वैद्यकशास्त्राच्या विद्यार्थ्याने दिले, तेही आजार म्हणून. आज मानसशास्त्र तिला आजार मानत नाही; एकाकीपणात ती आधार देते असेच बहुतेक अभ्यास सांगतात. जुन्या कंपनीची खरी पुंजी हीच. ती जाहिरातीने विकत घेता येत नाही आणि तयार व्हायला एक पिढी लागते.

मेंदूतल्या दोन वाटा

एखादी गोष्ट आवडणे आणि ती हवीहवीशी वाटणे हे आपण एकच समजतो. मेंदूत मात्र या दोन वेगळ्या वाटा आहेत. अमेरिकी मेंदूवैज्ञानिक केंट बेरिज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांच्या मेंदूतले डोपामिन हे रसायन जवळजवळ संपवून पाहिले. असे उंदीर समोर ठेवलेल्या अन्नाकडे वळेनात. पण त्यांच्या तोंडात साखरेचे पाणी घातले, तर आवडीच्या खुणा चेहऱ्यावर नेहमीसारख्याच उमटल्या. म्हणजे डोपामिन मुख्यतः ओढ निर्माण करते; आवडीचे काम बरेचसे दुसऱ्या यंत्रणांकडे असते.

व्हिडिओ गेम खेळताना मेंदूत डोपामिन स्रवते, हे लंडनमधल्या संशोधकांनी १९९८ मध्ये मेंदूच्या पेट स्कॅनद्वारे दाखवले. त्यात घाबरण्यासारखे काही नाही. चमचमीत मिसळ समोर आली तरी ते स्रवते. प्रश्न असतो बक्षीस कसे मिळते याचा. बी. एफ. स्किनर यांनी कबुतरांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध आहेत. बटणावर टोच मारली की दर वेळी दाणा मिळत असेल, तर कबूतर पोट भरल्यावर थांबते. दाणा कधी मिळेल, कधी नाही, असे अनिश्चित ठेवले, तर ते टोच मारतच राहते. मटक्याचा आकडा आणि सोडतीचे तिकीट याच तत्त्वावर चालतात.

अलीकडच्या अनेक मोबाइल गेममध्ये हा अनिश्चित दाणा जागोजागी पेरलेला असतो. पेटी उघडली की आत काय निघेल ते माहीत नाही. रोज हजेरी लावली तर भेट, एक दिवस चुकला तर साखळी तुटते. ‘सीझन’ संपायच्या आत पातळी गाठली नाही तर ती वस्तू पुन्हा मिळणार नाही. अशा रचनेत काही काळाने विचित्र अवस्था येते: आवड ओसरलेली असते, ओढ मात्र तशीच राहते. ‘‘मजा येत नाही, तरी खेळतो,’’ असे मुले स्वतःच सांगतात. वडिलांच्या आणि मुलाच्या खेळातला फरक इथे आहे.

बंदीनंतर परतलेले चाहते

चाहत्यांची निष्ठा किती टिकते याची मोठी परीक्षा आपल्याकडे नकळत होऊन गेली. ‘पबजी मोबाइल’ २०१८ मध्ये आला आणि बघता बघता महाविद्यालयांच्या कट्ट्यांपासून खेड्यांतल्या पारांपर्यंत पोहोचला. शंभर खेळाडू बेटावर उतरतात, शेवटी टिकेल तो जिंकतो आणि त्याला ‘चिकन डिनर’ मिळते. २ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र सरकारने राष्ट्रीय सुरक्षेच्या कारणाने इतर अनेक अ‍ॅपसोबत त्यावर बंदी घातली. कोरोनाचा काळ, शाळा बंद, मुले घरात. अनेक आयांनी सुटकेचा श्वास सोडला.

जुलै २०२१ मध्ये क्राफ्टन या दक्षिण कोरियाच्या कंपनीने तोच खेळ ‘बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया’, म्हणजे बीजीएमआय, या नावाने परत आणला. वर्षभरात नोंदणीकृत वापरकर्ते दहा कोटींवर गेल्याचे कंपनीने जाहीर केले. लगोलग, जुलै २०२२ च्या अखेरीस, तोही अ‍ॅप स्टोअरवरून हटवण्यात आला. मे २०२३ मध्ये तीन महिन्यांच्या चाचणीच्या अटीवर तो पुन्हा सुरू झाला, आणि खेळाडू पुन्हा आले.

इतक्या वेळा दार बंद होऊनही चाहते परतले, ते कशामुळे? एक कारण कंपनीच्याच व्यवस्थेत दिसते. बीजीएमआय सुरू झाला, तेव्हा जुन्या पबजीतली कमाई, म्हणजे पोशाख, बंदुकांचे रंग, पातळी, नव्या खात्यात हलवण्याची सोय देण्यात आली. ज्यावर दोन वर्षे घालवली, कधी वडिलांच्या खात्यातून पैसेही घातले, ते सोडवत नाही. बुडीत धंद्यात आणखी पैसे ओतणाऱ्या दुकानदाराचे मनही असेच चालते. दुसरे कारण जास्त निरोगी आहे: चौघांची टोळी. पुण्याला शिकायला गेलेला मित्र, बीड बायपासवर राहणारा मावसभाऊ आणि शेजारचा मुलगा रात्री एकत्र भेटतात ते या बेटावर. त्यामुळे गेम बंद करणे म्हणजे मुलाच्या दृष्टीने कट्टा बंद करणे असते. हे न ओळखता मोबाइल हिसकावला, की घरात भांडण पेटते.

म्हणजे एकाच चाहत्याच्या निष्ठेत आवड आणि ओढ दोन्ही मिसळलेल्या असतात. पालकांना आणि डॉक्टरांना त्या वेगळ्या करून पाहाव्या लागतात.

जुन्या कंपनीलाही मोह होतो

मग निन्टेंडोसारखी जुनी कंपनी केवळ आवडीवर चालते का? तसेही नाही. तिचा इतिहास चढउतारांचा आहे. २००६ मध्ये आलेले ‘वी’ हे यंत्र दहा कोटींहून अधिक विकले गेले. हात हलवून खेळायचा टेनिस आजी-आजोबांनाही जमला आणि पक्षाघातानंतरच्या व्यायामासाठीही त्याचा उपयोग करून पाहिला गेला. पुढचे ‘वी यू’ मात्र सुमारे १ कोटी ३५ लाखांवरच थांबले. चाहते जुने होते, प्रेम होते, तरी नव्या यंत्रात त्यांना कारण सापडले नाही. २०१७ मध्ये आलेल्या ‘स्विच’ने ते कारण दिले आणि विक्री पंधरा कोटींपुढे गेली. जुन्या आठवणी चाहत्याला दारापर्यंत आणतात, पण आत बसवून ठेवायला खेळ चांगलाच लागतो.

मोबाइलवर उतरल्यावर या कंपनीनेही नशिबाच्या पेट्यांचा मार्ग काही खेळांत धरला. बेल्जियमने २०१८ मध्ये पैसे देऊन उघडायच्या अशा पेट्या जुगारात मोडतात अशी भूमिका घेतली. त्यानंतर २०१९ मध्ये निन्टेंडोने आपले दोन मोबाइल गेम त्या देशातून मागे घेतले. म्हणजे प्रश्न एखाद्या कंपनीच्या चांगुलपणाचा नाही, खेळाच्या रचनेचा आहे. ओढीवर चाहते पटकन जमतात. पण ज्याला आपण अडकलो होतो असे पुढे कळते, तो माणूस तीस वर्षांनी त्या खेळाची धून ऐकून हसेल, याची खात्री देता येत नाही.

किती वेळ, की कशासाठी?

पालकांचा पहिला प्रश्न असतो, ‘‘किती तास चालतील?’’ तासांना महत्त्व आहेच, विशेषतः झोप, अभ्यास आणि मैदान त्यांतून कापले जात असेल तर. तेरा ते अठरा वयात आठ ते दहा तास झोप लागते. रात्री दोनला झोपून सहाला क्लास गाठणाऱ्या मुलाची डोकेदुखी औषधाने जाणार नाही.

पण तास एवढेच माप पुरत नाही. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी २०२२ मध्ये सुमारे ३९ हजार खेळाडूंचा अभ्यास प्रसिद्ध केला. खेळाडूंनी सांगितलेल्या अंदाजावर न विसंबता, खेळण्याचा प्रत्यक्ष वेळ गेम कंपन्यांच्या नोंदींतून घेतला होता. खेळण्याच्या वेळेचा मनःस्वास्थ्यावर जवळजवळ परिणाम दिसला नाही. फरक दिसला तो कारणात: आवडते म्हणून खेळणाऱ्यांचे मन बरे होते, खेळावेच लागते अशा भावनेने खेळणाऱ्यांचे तितके नव्हते. यात सहभागी झालेले लोक मोठे होते, त्यामुळे शाळकरी मुलांना तो जसाच्या तसा लावता येणार नाही, तरी दिशा कळते.

बहुसंख्य खेळणारे आजारी नसतात, हेही स्पष्ट सांगायला हवे. जागतिक आरोग्य संघटनेने ‘गेमिंग डिसऑर्डर’ला आजारांच्या यादीत स्थान दिले असून ही यादी जानेवारी २०२२ पासून लागू झाली. निरनिराळ्या देशांतल्या अभ्यासांचा मेळ घातला, तर खेळणाऱ्यांपैकी दोन-तीन टक्क्यांच्या आसपास लोकांत हा त्रास आढळतो. त्याची तीन लक्षणे: खेळणे कधी सुरू करायचे, कधी थांबवायचे यावरचा ताबा सुटणे, बाकी सगळ्यापेक्षा गेम वरचढ होणे, आणि नुकसान दिसत असूनही खेळत राहणे. हे साधारण वर्षभर चाललेले असावे आणि त्यामुळे शिक्षण, नोकरी किंवा नात्यांची घडी विस्कटलेली असावी लागते. अनेकदा मागे नैराश्य, चिंता किंवा एकाग्रतेचा विकार लपलेला असतो. तिथे गेम हे मूळ कारण नसून त्या दुखण्यावर मुलाने शोधलेला उतारा असतो.

घरात काय करता येईल?

- मिनिटांवर वाद घालू नका, डावावर ठरवा. अशा खेळात मध्येच उठले, तर टोळीचे नुकसान होते. ‘दहाला बंद’ यापेक्षा ‘जेवणाआधी दोन डाव’ हा करार जास्त पाळला जातो.
- मोबाइल रात्री मुलाच्या खोलीबाहेर चार्ज होऊ द्या. हा नियम आई-वडिलांनाही लागू करा.
- गेमच्या सूचना बंद करा. ओढीला सर्वांत जास्त खतपाणी त्याच घालतात.
- यूपीआयचा पिन मुलाला देऊ नका. पेटीत काय आहे हे कळण्याआधी पैसे जात असतील, तर त्याला खरेदी म्हणू नये, हे शांतपणे समजावून सांगा.
- कट्टा काढून घेत असाल, तर दुसरा कट्टा द्या. आमखास मैदानावर संध्याकाळी टेनिस बॉलचे सामने होतात, तिथेही टोळीच लागते.
- एकदा त्याच्यासोबत बसून खेळून पाहा. तो कोणाशी बोलतो, हरल्यावर काय करतो, हे कुठल्याही प्रश्नावलीपेक्षा त्यातून जास्त कळते.

आवड आहे की ओढ, हे ओळखण्यासाठी सुट्टीत एक सोपी परीक्षा घेता येते. मुलाशी आधी बोलून, त्याच्या संमतीने, आठवडाभर गेम बंद ठेवा. पहिले दोन-तीन दिवस कुरकुर होईल, ती धरून चालावी. त्यानंतर तो दुसऱ्या कशात रमला आणि आठवडा संपल्यावर आनंदाने खेळायला बसला, तर तो चाहता आहे. त्याला खेळू द्या. चिडचिड, निद्रानाश, खोटे बोलणे, पैसे चोरणे, मारहाण असे काही वाढत गेले किंवा जिवाचे बरेवाईट करण्याची भाषा आली, तर परीक्षा तिथेच थांबवून मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. ‘टेली मानस’च्या १४४१६ या मोफत क्रमांकावर चोवीस तास सल्ला मिळतो.

डोकेदुखीसाठी आलेल्या मुलाला बहुधा गोळीची गरज नसते. दोन आठवडे वेळेवर झोप आणि वडिलांसोबत ठरवलेले रोजचे दोन डाव, इतक्यावर अनेकांची डोकेदुखी कमी होते. मारिओवर वाढलेल्या वडिलांनी दुसरा मोबाइल घेऊन शेजारी बसायला हरकत नाही. पहिल्याच मिनिटात त्यांचा खेळ संपेल आणि मुलगा बऱ्याच दिवसांनी त्यांच्यासमोर मोकळेपणी हसेल. त्या हसण्यावरून पुढचे बोलणे सुरू करता येते.