गोधडीचं कापड घेताना

लेकीच्या पहिल्या बाळंतपणाला नातवासाठी गोधडी शिवली. अस्तराला माझ्या आईचं फिकट लुगडं, वरून बाजारातलं स्वस्तातलं लालभडक कापड. पहिल्याच धुण्यात रंग उतरला नि लुगड्यावर गुलाबी डाग पडले. आई जाऊन वर्षं झालेली. तिचं ते शेवटचं लुगडं.

तेव्हापासून दुकानात गेले की मी आधी भाव विचारत नाही. कापड बोटांत चोळते. पांढरी भुकटी पडली की समजायचं, जाडी खळीची आहे! उजेडात धरून वीण बघते. सुटा धागा घरी आणून जाळते : सुताची राख होते, पॉलिएस्टरची कडक गाठ. मग पन्हा विचारायचा. ३६ इंची ६० रुपये मीटर आणि ५४ इंची ८० रुपये असेल, तर ८० चंच स्वस्त पडतं.

शिवण्याआधी कापड रात्रभर भिजवायचं, ओल्यावर पांढरा रुमाल दाबून बघायचा. रुमाल रंगला तर ते कापड गोधडीला नकोच. आटायचं तेही आधीच आटून जातं.

मैत्रिणींनो, नवं कापड पुन्हा मिळतं हो. आईचं लुगडं कुठून आणायचं?