मांजराची उलटी थांबली, पण शौचाचे काय?

मांजराला उलट्या होतात म्हणून गोळी दिली, उलटी थांबली आणि घरचे निश्चिंत झाले, असे माझ्या दवाखान्यात नेहमी दिसते. चार-पाच दिवसांनी तेच मांजर पुन्हा टोपलीतून येते. "डॉक्टर, परत ओकायला लागलं. गोळी वाढवू का?" अशा वेळी मी आधी विचारतो, शौचाला कधी झाले? पुष्कळांना सांगता येत नाही. मांजर परसात जाते, माती उकरते, झाकून येते; पाहणार कोण?

उलटीवर हल्ली सर्रास दिली जाणारी गोळी म्हणजे ओन्डान्सेट्रॉन. हे मूळचे माणसांचे औषध. कर्करोगाच्या उपचारात होणाऱ्या उलट्यांसाठी ते १९९०च्या सुमारास वापरात आले. शरीरातील सिरोटोनिन हे द्रव्य उलटीचा संदेश मेंदूकडे पोचवते, तो ही गोळी अडवते. परंतु बहुतेक सिरोटोनिन असते आतड्यातच, आणि अन्न पुढे ढकलण्याचे आतड्याचे कामही त्यावर अवलंबून असते. त्यामुळे काही मांजरांत आतडी मंदावतात. मळ अडून राहतो, त्यातले पाणी शोषले जाते आणि खडे बनतात.

म्हाताऱ्या मांजरांना हा त्रास लवकर होतो. मूत्रपिंडे थकलेली, लघवी फार, अंगात पाणी कमी. मळमळही त्याच आजाराची. म्हणजे ज्याला गोळीची गरज जास्त, त्याचेच पोट आधी तुंबते. एका निवृत्त शिक्षिकाबाईंची चौदा वर्षांची मनी अशीच आली होती. पोटाला हात लावताच खडे लागले. मलावरोधानेही मांजर ओकते, हे बाईंना ठाऊक नव्हते. त्या आजार वाढला असे समजत होत्या. कातडीखाली सलाइन, लॅक्टुलोज, पातळ खाणे आणि गोळीचे प्रमाण कमी, एवढ्यावर मनी मोकळी झाली.

मेटोक्लोप्रमाइडचे याच्या उलट. ते जठर व आतड्याच्या वरच्या भागाची हालचाल वाढवते. मांजराने शिवणाचा दोरा किंवा मांजा गिळला असेल आणि आतडे अडले असेल, तर असे औषध घातक ठरते. म्हणून तपासल्याशिवाय ते देऊ नये. मॅरोपिटंट नावाचे औषध अमेरिकेत २०१२ साली मांजरांसाठी मंजूर झाले. ते टोचताना झोंबते. गोळी कडू असल्याने तोंडाला फेस येतो, घरचे घाबरतात. तो फेस बहुधा चवीचाच असतो.

एक गोष्ट मात्र फार महत्त्वाची. मांजर उकिडवे बसून कुंथत असेल तर ते शौचासाठीच, असे धरून चालू नका. बोका असेल तर लघवी तुंबलेली असू शकते. त्यात एक-दोन दिवसांत जीव जातो. त्याला तातडीने दवाखान्यात न्या.

घरगुती उपाय करताना जपा. तेल जबरदस्तीने पाजल्यास ते फुप्फुसात जाण्याची भीती असते. औषधांच्या दुकानातला माणसांचा फॉस्फेटचा एनिमा मांजराला विषासमान आहे. पाणी भरपूर ठेवावे, कोरड्या दाण्यांऐवजी ओले खाणे द्यावे. मासळीचे पाणी चालते, पण त्यात कांदा-लसूण नको. दोन दिवस शौच न झाल्यास डॉक्टरांना कळवावे. गोळी मात्र आपल्या मनाने बंद करू नये. मळमळीने मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिले, तर त्याच्या यकृतात चरबी साठू लागते, आणि तो आजार बरा करायला कित्येक आठवडे लागतात.