विद्युत मोटारींचे जलद चार्जिंग आणि बॅटरीची पूर्वसिद्धता

पेडणे तालुका हा गोव्याचा उत्तरेकडील उंबरठा होय. मुंबई-पुण्याकडून राष्ट्रीय महामार्ग ६६ ने येणारी वाहने पत्रादेवीची सीमा ओलांडून येथूनच राज्यात प्रवेश करतात. मोप येथील मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळावर ५ जानेवारी २०२३ पासून विमानांची ये-जा सुरू झाल्यावर या तालुक्यातील वर्दळ अधिकच वाढली. डिचोली तालुक्याला असेच दुसरे दार लाभले आहे. चोर्ला घाट उतरून बेळगावकडील वाहने साखळीमार्गे येथे पोहोचतात. या दोन्ही वाटांवर आता विद्युत मोटारी दिसू लागल्या असून त्यांच्यासोबत जलद चार्जिंग केंद्रे हा विषयही गावोगावच्या चर्चेत आला आहे.

या केंद्रांविषयी एक तक्रार वारंवार ऐकू येते. केंद्राच्या पाटीवर ६० किलोवॉट असे लिहिलेले असताना मोटारीला प्रत्यक्षात २५ किलोवॉटच का मिळतात? यंत्र बिघडले आहे, की विजेचा दाब कमी आहे? पुष्कळदा यांपैकी काहीच घडलेले नसते. मोटारीची बॅटरी त्या क्षणी अधिक वीज स्वीकारण्याच्या स्थितीत नसते, एवढेच. ती स्थिती वाटेवरच कशी साधावी, हे वाहनधारकांनी समजून घेणे अगत्याचे आहे.

मंद आणि जलद चार्जिंग

आपल्या घरात येणारी वीज प्रत्यावर्ती प्रवाहाची, म्हणजे क्षणोक्षणी दिशा बदलणारी असते. बॅटरीला मात्र एकाच दिशेने वाहणारा प्रवाह लागतो. घरी चार्जिंग करताना हे रूपांतर मोटारीतील लहान यंत्र करते, म्हणून वेळ अधिक लागतो. जलद केंद्रात हेच काम बाहेरचे मोठे यंत्र करते व तयार प्रवाह थेट बॅटरीत सोडते.

वीजबिलावरील युनिटच्या हिशेबाने हे सहज समजेल. एखाद्या मोटारीची बॅटरी ४० युनिटांची आहे असे धरू. घरच्या १५ अँपिअरच्या सॉकेटमधून तासाला सुमारे ३ युनिटे मिळतात. रिकामी बॅटरी पूर्ण भरण्यास अशा रीतीने बारा-तेरा तास लागतात. बॅटरी २० टक्क्यांवरून ८० टक्क्यांपर्यंत न्यावयाची तर २४ युनिटे लागतील. सरासरी ४८ किलोवॉट शक्ती मिळाली तर हे काम अर्ध्या तासात होते. तीच शक्ती निम्म्यावर आली, तर पूर्ण तास मोडतो.

८० टक्क्यांनंतर चार्जिंगचा वेग आपोआप मंदावतो. म्हापशाच्या स्थानकावर रिकामी बस लागली की पहिले प्रवासी झटपट बसतात. शेवटच्या चार जणांना मात्र जागा शोधत आत सरकावे लागते. बॅटरीतील विद्युत्कणांचीही तीच गत असते. म्हणून जलद केंद्रावर शंभर टक्क्यांचा आग्रह धरणे हा स्वतःच्या वेळेचा अपव्यय असून रांगेतील इतरांचाही खोळंबा आहे.

तापमानाचे महत्त्व

लिथियम-आयन बॅटरीला माणसाप्रमाणेच फार थंडी अथवा फार उष्णता मानवत नाही. साधारणतः २५ ते ४० अंश सेल्सिअस या पट्ट्यात ती वीज उत्तम प्रकारे स्वीकारते. पौष-माघातील पहाटे खोबरेल तेल बाटलीत थिजते. बाटली उन्हात ठेवली की ते मोकळे वाहू लागते. थंड बॅटरीतही विद्युत्कणांची हालचाल अशीच मंदावते. त्या अवस्थेत जोराचा प्रवाह सोडला तर लिथियम आत मुरण्याऐवजी पृष्ठभागावर धातूच्या रूपाने साचते व बॅटरीची कायमची हानी होते. उलटपक्षी, बॅटरी फार तापली तर अंतर्गत रासायनिक झीज वाढून तिचे आयुष्य घटते. हे दोन्ही धोके टाळण्यासाठी मोटारीतील नियंत्रक यंत्रणा प्रवाह कमी मागते. केंद्र तयार असूनही वेग घटतो तो याच कारणाने.

शिवाय चार्जिंगमुळेही उष्णता निर्माण होते. ४० किलोवॉट शक्तीपैकी शेकडा ५ भाग उष्णतेत गेला असे धरले, तरी ती २ किलोवॉट होते. न्हाणीघरातील पाणी तापविणारे गिझर बॅटरीच्या पेटीत चालू ठेवल्यासारखाच हा प्रकार झाला.

पूर्वसिद्धता म्हणजे काय?

केंद्रावर पोहोचण्यापूर्वीच बॅटरीला योग्य तापमानावर आणून ठेवणे, यालाच पूर्वसिद्धता अथवा प्रीकंडिशनिंग म्हणतात. ही सोय असलेल्या अनेक मोटारींत, मोटारीच्या स्वतःच्या नकाशावर चार्जिंग केंद्र हे मुक्काम म्हणून नोंदविले की यंत्रणा अंतराचा अंदाज घेऊन वाटेतच बॅटरी तापवू वा थंड करू लागते. काही मोटारींत याकरिता वेगळे बटण असते. समोर अडकविलेल्या मोबाइलवर वाट पाहात गेल्यास मोटारीला याचा पत्ता लागत नाही, ही बाब अनेकांच्या ध्यानात येत नाही.

या कामी वीज खर्च होते. ४ किलोवॉटचे तापक पंधरा मिनिटे चालले तर १ युनिट, म्हणजे आदमासे सहा-सात किलोमीटरची मजल खर्ची पडते. त्यामुळे बॅटरी अगदी तळाला गेल्यास अनेक मोटारी ही सोय बंद ठेवतात. केंद्र गाठताना थोडी शिल्लक राखणे म्हणूनच श्रेयस्कर ठरते.

दोन दारे, दोन ऋतू

नॉर्वेसारख्या शीत देशात पूर्वसिद्धता म्हणजे मुख्यतः बॅटरी तापविणे. गोव्यात प्रश्न बहुधा उलटा असतो. मे महिन्यात कोकणातून दिवसभर धावून, वाटेत एकदोनदा जलद चार्जिंग करून पेडण्यास पोहोचलेली मोटार तापलेलीच असते. तिला शीतनाची गरज असते. अशा वेळी शेवटची काही मैल वेग आवरता घ्यावा, मोटार सावलीत उभी करावी, आणि घाई नसल्यास मुक्कामी रात्री मंद चार्जिंग करावे.

डिचोलीच्या दाराची कथा निराळी. जानेवारीत बेळगावच्या थंडीत रात्रभर उघड्यावर राहिलेली मोटार पहाटे निघून चोर्ला घाट उतरते. उतारावर बॅटरीला श्रम थोडे, म्हणून ती स्वतः फारशी तापत नाही. उलट ब्रेकच्या वेळी निर्माण होणारी वीज परत तिच्यातच साठते. साखळीस थांबून जलद चार्जिंग करावयाचे असल्यास ते केंद्र आधीच नकाशावर नोंदविणे हितावह होय. घाट उतरण्यापूर्वी बॅटरी काठोकाठ भरू नये. भरलेल्या बॅटरीत उताराची वीज साठविण्यास जागा उरत नाही.

टॅक्सी-व्यावसायिक आणि ग्रामसंस्था

उत्तर-दक्षिण अवघी १०५ किलोमीटर लांबी असलेल्या आपल्या राज्यात घरगुती वापराच्या मोटारीस रात्रीचे मंद चार्जिंग बहुतेक दिवशी पुरते. जलद केंद्राची खरी निकड लांबच्या प्रवाशाला व मोपच्या टॅक्सी-व्यावसायिकाला आहे. टॅक्सीवाल्याच्या दृष्टीने बॅटरी म्हणजे कर्ज काढून घातलेले भांडवल. तापलेल्या बॅटरीवर दिवसातून वारंवार जलद चार्जिंग केल्यास हे भांडवल अकाली झिजते. रात्री घरी मंद, दिवसा गरजेपुरते जलद, हा त्यावरचा सोपा उपाय होय.

चार्जिंग केंद्र चालविण्यास विद्युत अधिनियम, २००३ खाली परवान्याची आवश्यकता नाही, असे केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने १३ एप्रिल २०१८ रोजी स्पष्ट केले. महामार्गांवर दोन्ही बाजूंस दर २५ किलोमीटरला एक केंद्र असावे, असे त्याच वर्षीच्या डिसेंबरातील मार्गदर्शक सूचनांत सुचविले होते. तथापि जागा निवडताना ग्रामपंचायतींनी दूरदृष्टी ठेवावयास हवी. ६० किलोवॉटचे एक यंत्र म्हणजे प्रत्येकी ३ किलोवॉट भाराच्या वीस घरांइतका भार. तेव्हा गावच्या ट्रान्सफॉर्मरची क्षमता वीजखात्याकडून आधी तपासून घ्यावी. वाळवंटी नदीचा पूर साखळीकरांना परिचित आहे. केंद्र उंचवट्यावरच असावे. आणि वर छप्पर अवश्य असावे, कारण पावसाळ्यात ते माणसाच्या उपयोगी पडेल व उन्हाळ्यात बॅटरीच्या.

शिक्षक बंधुभगिनींनी युनिट, किलोवॉट व तापमान यांचा हा हिशेब वर्गात मांडल्यास विद्यार्थी तो घरी नेतील. चतुर्थीला मुंबईहून गावी येणाऱ्या गोमंतकीयांच्या रांगा उद्या या केंद्रांवर लागतील. त्या वेळी वाटेतच बॅटरी सिद्ध करून आलेला आणि ८० टक्क्यांवर आपली मोटार बाजूला घेणारा प्रत्येक वाहनधारक मागच्याला वेळेवर घरी पोहोचण्यास साहाय्य करील.