नारळ फोडल्यानंतरचं काम

माधवनगरच्या माणसाला सांगलीला जायचं तर वाटेत चिंतामणीनगरचा रेल्वे पूल लागतो. पुणे-मिरज मार्गाच्या दुहेरीकरणासाठी 2023 मध्ये जुना पूल पाडला, आणि नवा होईपर्यंत पेठेतल्या व्यापाऱ्यांपासून कॉलेजच्या पोरांपर्यंत सगळे वळसे घालत राहिले. त्या काळात रेल्वेच्या वाट्याच्या निम्म्या शिव्या गावातल्या ग्रामपंचायत सदस्यांनी खाल्ल्या असतील. त्यांच्या हातात त्या पुलाची एक वीटसुद्धा नव्हती. पण रविवार पेठेतल्या मतदाराला रेल्वेचा अधिकारी भेटत नाही, सदस्य भेटतो.

निवडणुकीला उभं राहून ‘टिकाऊ, पर्यावरणपूरक विकास’ करायचं म्हणणाऱ्याने आधी हे समजून घ्यावं, की कुठला रस्ता कुणाचा. ग्रामीण मार्ग आणि इतर जिल्हा मार्ग जिल्हा परिषदेकडे, राज्यमार्ग सार्वजनिक बांधकाम खात्याकडे, वस्तीतल्या गल्ल्या आणि गटारं ग्रामपंचायतीकडे. सांगली-मिरज-कुपवाड महापालिका 1998 मध्ये झाली तेव्हा कुपवाड आत गेलं, माधवनगर बाहेर राहिलं. पाण्याला अर्थातच ही हद्द कळत नाही.

बांधकामासाठी थेट लोकांनी निवडून द्यावं असं पद आपल्याकडे नाही. अमेरिकेत मिशिगन राज्यात काउंटीचा ‘ड्रेन कमिशनर’, म्हणजे नाल्या-ओढ्यांचा कारभारी, चार वर्षांसाठी मतदानाने निवडतात. तिथे उमेदवार सांडपाण्यावर भाषणं देतात. आपल्याकडे जिल्हा परिषदेच्या गटातून निवडून यावं लागतं. मग सदस्य आपसात सभापती निवडतात, आणि 1961 च्या कायद्याने केलेल्या समित्यांपैकी बांधकाम समिती कुणाच्या तरी वाट्याला येते. ती कुणाला मिळते हे मताच्या पेटीत ठरत नाही, पक्षाच्या बैठकीत ठरतं. त्यातच सांगली-साताऱ्याच्या जिल्हा परिषदांची मुदत मार्च 2022 मध्ये संपली, आणि पुढे तीन वर्षांहून जास्त काळ कारभार प्रशासकांकडे होता. तेवढा काळ सभापतीच नव्हते.

म्हणून सरपंचपद हीच जास्त खरी जागा. थेट जनतेतून सरपंच निवडण्याची पद्धत 2017 मध्ये आली, 2020 मध्ये गेली आणि 2022 मध्ये परत आली. पैसाही तिथे येतो. पंधराव्या वित्त आयोगाने 2021 ते 2026 या काळात जो निधी दिला, त्यातला 60 टक्के बंधित होता: निम्मा पिण्याचं पाणी, पाऊस साठवणं आणि पाण्याचा पुनर्वापर यासाठी, निम्मा स्वच्छतेसाठी. म्हणजे पर्यावरणाचं काम करायला सरपंचाला वेगळी चळवळ उभारायची गरज नव्हती, हिशेबाच्या वहीतच ते लिहून आलेलं होतं. तरी गावोगाव पैसा दिसतो तो पेव्हर ब्लॉकमध्ये. ब्लॉकवर फलक लावता येतो, शोषखड्ड्यावर लावला तर लोक हसतात.

वास्तविक नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीने घरोघरी शोषखड्डे घेऊन उघडी गटारं आणि डास दोन्ही हटवले. त्या खड्ड्याला तंत्रज्ञान फारसं लागत नाही. लागतं ते गाळ साठला की काढणं.

अंदाजपत्रक वाचायला शिकणं हा उमेदवाराचा पहिला अभ्यास. गल्लीचा रस्ता उखडला की जुना थर खरवडायचा, मग नवा टाकायचा. खरवडण्याचा खर्च वाचवायला जुन्यावरच काँक्रीट ओततात. दहा-पंधरा वर्षांत रस्ता उंबऱ्याच्या बरोबरीला येतो, आणि मग पहिल्या वळवाला पाणी स्वयंपाकघरात शिरतं. इंजिनिअरला विचारा, ‘रस्त्याची पातळी घराच्या जोत्यापेक्षा खाली राहणार का, आणि पाणी कुठे जाणार?’ एवढ्या एका प्रश्नाने निम्मं काम होतं. उरलेलं निम्मं मोजमाप पुस्तकात असतं. तिथे लिहिलेली जाडी आणि जमिनीवरची जाडी यात पुष्कळदा नातं नसतं. झाडाच्या बुंध्यालाही तोच न्याय. राष्ट्रीय हरित लवादाने 2013 मध्ये झाडाभोवती एक मीटर जागा काँक्रीटमुक्त ठेवा असं सांगितलं, तरी ठेकेदाराचं फावडं बुंध्यापर्यंत जातंच.

ठेकेदार कोण, हाही प्रश्न आहेच. ग्रामपंचायत कायद्याच्या 14 व्या कलमानुसार पंचायतीच्या कामात प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष हितसंबंध असलेला माणूस सदस्य राहू शकत नाही. मेहुण्याच्या नावावर मशीन घेणाऱ्यांनी हे कलम डोळ्यांखालून घालावं.

टिकाऊ काम कसं असतं ते बघायला फार लांब जायला नको. खानापूर तालुक्यात येरळेवर बळीराजा धरण आहे, बलवडी आणि तांदुळवाडीच्या लोकांचं. 1982 च्या संपानंतर मुंबईच्या गिरण्यांतून परत आलेले कामगार आणि दुष्काळाने पिचलेले शेतकरी मुक्तिसंघर्ष चळवळीत एकत्र आले. नदीतली वाळू बाहेरचे ठेकेदार उपसत होते आणि नदी कोरडी पडत होती. लोकांनी मागितलं, ती वाळू मर्यादेत आम्हालाच विकू द्या, त्या पैशातून बंधारा बांधतो. सरकारी परवानगीसाठी दीर्घ झगडा करावा लागला. पण मला धरणापेक्षा त्याचा पाणीवाटपाचा विचार मोठा वाटतो: पाणी जमिनीच्या प्रमाणात नाही तर सगळ्यांना सारखं, भूमिहीनांनाही, आणि उसाला नाही. उसाच्या जिल्ह्यात हे बोलायला धाडस लागतं. निवडणुकीच्या सभेत तर फारच.

साताऱ्यातली पाटण तालुक्यातली मान्याचीवाडी 2024 मध्ये राज्यातलं पहिलं सौरग्राम झाली. याचं महत्त्व 2021 आठवलं की कळतं. तेव्हा थकबाकीपोटी महावितरणने अनेक गावांच्या पथदिव्यांची वीज तोडली होती. दिवे बसवायला निधी येतो, बिल भरायला स्वतःचं उत्पन्न लागतं, आणि स्वतःचं उत्पन्न म्हणजे घरपट्टी-पाणीपट्टी. पंपाची दुरुस्ती, जलकुंभाची सफाई, दर उन्हाळ्यात गटारांचा गाळ, हे सगळं त्यातूनच. वसुली वाढवीन असं छातीठोक सांगून मत मागणारा उमेदवार मात्र माझ्या पाहण्यात नाही. सगळे माफीच्याच गोष्टी करतात. एक बरं आहे, पट्टी थकवणाऱ्यावर कायद्याने अपात्रतेची टांगती तलवार ठेवली आहे. त्यामुळे निदान अर्ज भरण्याच्या दिवसांत तरी इच्छुक मंडळी ग्रामपंचायतीच्या खिडकीवर पावती फाडायला येतात.