मायक्रोग्लिया आणि निद्रा

मायक्रोग्लिया या मेंदू व मेरुरज्जूमधील रोगप्रतिकारक पेशी आहेत. स्पॅनिश शास्त्रज्ञ पिओ देल रिओ-ओर्तेगा यांनी १९१९ मध्ये त्यांचे स्वतंत्र वर्णन केले. जंतू व मृत पेशी नष्ट करणे एवढेच त्यांचे कार्य असल्याचे दीर्घकाळ मानले जाई. झोप व जागेपणाच्या नियमनातील त्यांचा वाटा अलीकडे स्पष्ट होऊ लागला आहे.

या पेशींच्या बारीक शाखा सतत हलत राहून भोवतालच्या चेतापेशींची चाचपणी करतात. जागेपणी मेंदूत अधिक असणारे नॉरॲड्रेनॅलिन ही हालचाल रोखते. भूल दिलेल्या उंदरांमध्ये शाखा लांबवर पसरतात, असे २०१९ मध्ये आढळले. मात्र हा प्रभाव एकतर्फी नाही. सक्रिय चेतापेशींमधून एटीपी बाहेर पडते. मायक्रोग्लियाच्या पृष्ठभागावरील सीडी३९ हे विकर त्याचे विघटन सुरू करते व अखेरीस ॲडेनोसिन तयार होते. ॲडेनोसिनमुळे झोप येते. चहा-कॉफीतील कॅफिन त्याचेच ग्राही अडवून तरतरी आणते.

तरीही या पेशींना केवळ झोप आणणाऱ्या म्हणणे योग्य नाही. औषधाने मायक्रोग्लिया नष्ट केल्यावर उंदरांची झोप घटण्याऐवजी रात्री, म्हणजे त्यांच्या जागरणाच्या काळात, वाढलेली दिसली.

संसर्ग झाल्यास मायक्रोग्लिया इंटरल्यूकिन-१ व टीएनएफ ही प्रथिने स्रवतात. तापात येणाऱ्या गुंगीमागे ही प्रथिने असतात. उलटपक्षी, दीर्घकाळ अपुरी झोप मिळालेल्या उंदरांमध्ये संसर्ग नसतानाही मायक्रोग्लिया उत्तेजित झालेल्या आढळतात.